नो पार्किंगचं चलन चुकीचं वाटत असेल तर 500 रुपये भरून मोकळं व्हावं की दाद मागावी?

तुम्ही लिहिलंय की दुचाकी रस्त्याच्या कडेला लावली होती, जवळपास कुठेही फलक नव्हता, तरी दुसऱ्या दिवशी नो पार्किंगच्या 500 रुपयांच्या ई-चलनाचा मेसेज आला. आणि घरचे म्हणतायत, ‘भरून टाक, कशाला डोक्याला ताप.’ तुम्ही महाराष्ट्रातले आहात असं धरून उत्तर देते.

अजून भरू नका. चलन म्हणजे तुमच्यावरचा आरोप आहे, निकाल नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 खाली तुम्ही जे पैसे भरता ती तडजोडीची रक्कम असते. ती भरली की प्रकरण तिथेच संपतं, आणि मग ‘फलक नव्हता’ हे सांगायला तुमच्याकडे जागाच उरत नाही. शिवाय हा गुन्हा साधारणपणे कलम 177 मध्ये येतो. पहिल्यांदा 500 रुपयांपर्यंत आणि पुन्हा घडला तर 1500 रुपयांपर्यंत दंड. आज न केलेली चूक मान्य केलीत तर पुढच्या वेळी तुम्ही ‘दुसऱ्यांदा’च्या रांगेत उभे राहता.

आधी मेसेज खरा आहे का ते बघा. चलनाच्या नावाखाली एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी) पाठवून बँक खातं रिकामं करणाऱ्यांचा सुळसुळाट आहे. मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नका. राज्याच्या वाहतूक ई-चलनाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः जा, गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका. चलन खरं असेल तर तिथे दिसेल, फोटोसकट.

तो फोटो मोठा करून नीट बघा. गाडी तुमचीच आहे का? रंग, मॉडेल, नंबरमधलं प्रत्येक अक्षर तपासा. बी आणि 8, किंवा डी आणि 0 यांत गल्लत होते आणि भलत्याच माणसाच्या नावावर चलन फाटतं. नंबर तंतोतंत तुमचा आणि गाडी मात्र दुसऱ्याची असेल, तर कुणीतरी तुमच्या नंबरची पाटी वापरतंय. अशा वेळी चलनाचं नंतर बघा, आधी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. गाडी तुमचीच असेल तर पुढचा प्रश्न असा की गाडी कुठे उभी आहे हे त्या फोटोवरून कळतं का. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्यांसाठी 2021 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167अ हा नियम आला. गुन्हा आणि नंबर स्पष्ट दाखवणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि कुठल्या कलमाचा भंग झाला, एवढं सगळं चलनासोबत असायला हवं असं तो सांगतो. तुमचा फोटो पोलिसांनी हातातल्या यंत्राने काढला असला तरी मुद्दा तोच राहतो. नुसती नंबरप्लेट दिसत असेल तर गाडी तुमची आहे एवढंच सिद्ध होतं. ती चुकीच्या जागी होती, हे नाही.

आता स्वतःला एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारा. काही जागी फलक लागतच नाही. फुटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, कुणाच्या गेटसमोर, आधीच उभ्या गाडीला खेटून दुसऱ्या रांगेत, अशा जागी गाडी उभी करायला 2017 च्या वाहनचालन विनियमांनी मुळातच मनाई केली आहे. रहदारीला अडथळा होईल अशी गाडी सोडून जाणं हा कलम 122 चा भंग आहे, तोही फलकाशिवाय. तुमची गाडी अशा जागी असेल तर भरा आणि विषय सोडा. फुटपाथ अडल्यामुळे म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावरून चालावं लागतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तसं नसेल तर आजच संध्याकाळी तिथे जा. फलक उद्या लागू शकतो, आधीचा वाकलेला सरळ होऊ शकतो, झाडाची फांदी छाटली जाऊ शकते. गाडी लावली होती त्या जागेपासून दोन्ही बाजूंच्या चौकापर्यंत सलग व्हिडिओ काढा, दुकानांच्या पाट्या आणि खांबांचे नंबर दिसतील असा. निळा गोल, लाल कडा आणि एक तिरकी लाल रेघ म्हणजे नो पार्किंग. दोन रेघांची फुली असेल तर तिथे थांबायलाही मनाई असते. आसपासच्या दुकानदारांशीही बोला, फलक कधी होता आणि कधी गेला हे त्यांना नेमकं माहीत असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे फारसं कुणी विचारत नाही: मनाईचा आदेश कुठे आहे? रस्ता नो पार्किंग होतो तो वाहतूक शाखेच्या लेखी आदेशाने, मोटार वाहन कायद्याच्या कलम 115, 116, 117 चा आधार घेऊन. त्याला क्रमांक असतो, तारीख असते, कुठून कुठपर्यंत हे लिहिलेलं असतं. बरेच आदेश तात्पुरते असतात, एखाद्या कामापुरते किंवा ‘प्रायोगिक तत्त्वावर’.

आमच्या घरीही असंच चलन आलं होतं, ते प्रकरण यावरच फिरलं. स्कूटर बाबांच्या नावावर, त्यामुळे मेसेज त्यांना आला. चाळीस वर्षं गाडी चालवून एकदाही दंड न झालेला माणूस, दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हतं त्यांचं. फलक तिथे होता, हे मी मान्य करते. पण तो लोखंडी स्टँडवरचा, साखळीने खांबाला बांधलेला होता. रस्ता खोदला होता तेव्हा आणून ठेवलेला. खोदकाम कधीच बुजलं होतं. मी ऑनलाइन तक्रार केली, एका ओळीत उत्तर आलं, ‘चलन योग्य आहे.’ मग माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत (महाराष्ट्रात ही मर्यादा आहे, लांबण लावलीत तर अर्ज परत येतो). विचारलं एवढंच: या रस्त्यावर पार्किंगला मनाई करणाऱ्या आदेशाची प्रत द्यावी. कायद्याने 30 दिवसांची मुदत असते, आम्हाला अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर मिळालं. आदेश एका महिन्यापुरता होता आणि चलनाच्या कितीतरी आधी संपला होता. ती प्रत घेऊन बाबा आणि मी वाहतूक शाखेत गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी ती दोनदा वाचली, अर्ज घेतला, पोच दिली. नऊ दिवसांनी चलन रद्द झालं. फलकही हलला, आणि मला त्याचा जास्त आनंद झाला, कारण त्या एका फलकापायी आणखी किती जणांनी पैसे भरले असतील कुणास ठाऊक.

तक्रार राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर किंवा ई-चलनाच्या त्याच संकेतस्थळावर करता येते. मजकूर कोरडा ठेवा. राग, आपली सचोटी, पोलिसांविषयीची मतं, काही नको. साधारण असं लिहा: ‘चलनातील फोटोत नो पार्किंगचा फलक दिसत नाही. त्याच रस्त्याचे दोन्ही चौकांपर्यंतचे फोटो जोडले आहेत, त्यांत एकही फलक नाही. येथे पार्किंगला मनाई करणाऱ्या आदेशाचा क्रमांक व दिनांक कळवावा, अन्यथा चलन रद्द करावे.’ तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. कार्यालयात गेलात तर पोच घेतल्याशिवाय उठू नका.

तक्रार फेटाळली गेली तर पुढे लोकअदालतीची नोटीस येऊ शकते. तिथे रक्कम कमी होते म्हणून लोक खूश होऊन भरून येतात. पण लोकअदालत तडजोडीसाठी असते, तिथे कोण बरोबर याचा निवाडा होत नाही. चूक नसेल तर निम्मे पैसे भरणंही चूकच मान्य करणं झालं, असं मला वाटतं. प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात (चलनाची प्रकरणं ऑनलाइन हाताळणाऱ्या न्यायालयात) गेलं तर तिथे दंड भरण्याबरोबरच आरोप लढवण्याचाही पर्याय असतो, तो निवडला की प्रकरण नेहमीच्या न्यायालयात जातं. फक्त दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाला सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटले कसे चालवायचे हे ठरवणाऱ्या कायद्याचं) कलम 514 सांगतं. मात्र याच्या भरवशावर गप्प बसू नका. न्यायालय विलंब माफ करू शकतं, आणि संकेतस्थळावरचं चलन आपोआप पुसलं जात नाही. गाडी विकताना ते नेमकं आडवं येतं.

चलनातल्या फोटोत काय दिसतंय आणि रस्त्यावर काय सापडलं ते इथेच खाली लिहा. तक्रारीचा मजकूर पाठवण्याआधी मी वाचून देईन.