एस्पोझितो या इटालियन आडनावाचा अर्थ काय आणि ते कुठे जास्त आढळतं?

मूळ लॅटिन ‘एक्स्पोझितुस’, म्हणजे उघड्यावर ठेवलेलं, सोडून दिलेलं मूल. हे आडनाव मुख्यतः नेपल्सचं. तिथल्या अनुन्झियाता या धर्मादाय संस्थेच्या भिंतीत लाकडी फिरतं चाक होतं. बाहेरून त्यात तान्हं बाळ ठेवायचं, चाक फिरवलं की ते आत पोहोचायचं. आईबापाचं नाव माहीत नसल्याने अशा मुलांना हेच आडनाव मिळे. चाक 1875 मध्ये बंद झालं.

म्हणून सगळे एस्पोझितो एकाच घराण्यातले नाहीत. फ्लॉरेन्समध्ये अशाच मुलांना ‘इनोचेन्ती’, म्हणजे ‘निष्पाप’, हे आडनाव मिळालं. मला ते कितीतरी मायेचं वाटतं.

आज नेपल्स ज्यात येतं त्या कंपानिया प्रांतात एस्पोझितो सर्वाधिक आढळतं. स्थलांतरितांबरोबर ते अमेरिका आणि अर्जेंटिनातही पोहोचलं.