हायड्रा बेटावरच्या डोंगरमाथ्यावरच्या मठापर्यंत आईला घेऊन एका दिवसात चढून येता येईल का?

तुम्ही विचारलंय की अथेन्सहून सकाळी निघून संध्याकाळी परत असा हायड्राचा दौरा जमेल का, वरच्या प्रोफितिस इलियास मठाची वाट किती अवघड आहे, दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या एकसष्ट वर्षांच्या आईंना ती झेपेल का, आणि बेटावर खरंच गाड्या नाहीत का. बेत जुलैच्या तिसऱ्या आठवड्याचा आहे आणि तिकिटं अजून काढलेली नाहीत, हेही तुम्ही लिहिलंय. तिकिटं काढली नाहीत ते बरं झालं.

वाट झेपेल, जुलैतलं ऊन झेपणार नाही. बाकीचं सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती फिरतं.

मी मर्चंट नेव्हीत इंजिनियर आहे. कंपनीचं ऑफिस पिरेअसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात, असल्यामुळे जहाजावर चढण्याआधी किंवा उतरल्यावर तिथे मुक्काम पडतो, आणि मोकळा दिवस हाती लागला की मी हायड्राची बोट पकडतो. म्हणजे हे पर्यटकाचं नाही, सवयीचं सांगणं आहे.

जाणं सोपं आहे. मेट्रोची तीन नंबरची लाइन विमानतळापासून अथेन्समधून थेट पिरेअसच्या दिमोतिको थेआत्रो स्टेशनला जाते. तिथून ई-८ गेट जवळ आहे, सारोनिक आखातातल्या बेटांच्या बोटी तिथूनच सुटतात. वेगवान बोटीला दीड ते दोन तास लागतात. आईंना बोट लागत असेल तर मधली किंवा मागची जागा धरा आणि गोळी निघायच्या आधी घ्या. या बोटींत मोकळ्या डेकवर जाऊन वारं खायची सोय बहुधा नसते. घोषणेत बेटाचं नाव ‘इद्रा’ असं ऐकू येईल. त्याआधी बऱ्याचदा पोरोस हे दुसरं बेट लागतं, तिथे घाईघाईने उतरू नका.

गाड्यांचं म्हणाल तर ते खरं आहे. कचऱ्याची गाडी, अग्निशमन, रुग्णवाहिका अशी मोजकी वाहनं सोडली तर मोटार नाही, स्कूटर नाही, सायकलसुद्धा नाही. ओझं खेचरांवर. धक्क्यावर पाय ठेवला की समोर ती रांगेत उभी असतात. पाठीवर लाकडी खोगीर, त्यावर आवळलेल्या सिमेंटच्या गोण्या, पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे, हॉटेलात उतरणाऱ्या कुणाच्या चाकांच्या बॅगा, कधी चक्क फ्रिज. मालक पुढे फोनवर बोलत चालत असतो, वळण कुठे घ्यायचं ते खेचरालाच पाठ असतं. गल्ल्यांच्या पायऱ्या गुळगुळीत झाल्यात, त्यामुळे उतरताना ते प्रत्येक पायरीच्या कडेला खूर टेकवून अंदाज घेतं आणि मगच भार टाकतं. ते दिसलं की भिंतीला चिकटून उभं राहायचं. ते काही तुमच्यासाठी थांबत नाही.

आता वाट. बंदरातून मियाउली नावाची गल्ली आत शिरते. मियाउलिस हा इथला दर्यासारंग, तुर्कांविरुद्धच्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धातला आरमारप्रमुख. त्याच्या नावाचा उत्सव जूनच्या शेवटी होतो. गल्ली घरांच्या मधून चढत काला पिगादिया या जुन्या विहिरींपाशी येते. तिथून वर मठाच्या पाट्या लागतात. घरं संपली की सिमेंटची वाट, मग पाइनची झाडं, मग दगड बसवलेली नागमोडी वाट आणि शेवटी पायऱ्या. पायऱ्यांचा हा शेवटचा टप्पा जरा वैताग आणतो, कारण मठ डोक्यावर दिसत असतो आणि जवळ येत नाही. बंदर समुद्रसपाटीला आणि मठ सुमारे ५०० मीटरवर, म्हणजे पायथ्यापासून सिंहगड चढता त्यापेक्षा चढ थोडा कमीच. घसारा नाही, कड्याची भीती नाही, वाट चुकण्याचा प्रश्न नाही. सरावाच्या माणसाला तास-सव्वा तास, आईंच्या चालीने दीड-पावणेदोन धरा. उतरताना गुडघ्यांना त्रास होतो, एक काठी असलेली बरी.

सिंहगडाशी फरक एवढाच की इथे वाटेत ताकवाल्या मावशी नाहीत. शेवटचं घर मागे पडलं की पाणीही नाही. माणशी दोन लिटर बंदरावरूनच घ्यायचं. बेटच मुळात कोरडं आहे. पूर्वी पिण्याचं पाणीसुद्धा मुख्य भूमीवरून जहाजाने आणावं लागे. आता समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आहे.

जुलै म्हटलं की आपल्या डोक्यात ढग, धुकं, हिरवे डोंगर येतात. तिथे जुलैत पाऊस जवळजवळ नसतोच. ऊन थेट, दगड चुनखडीचा आणि फिकट, त्यामुळे उष्णता वरून येते तशी खालूनही येते. पाइनची सावली मधल्या टप्प्यातच; वरचा भाग उघडा. पारा पस्तिशीपलीकडे जाणं नेहमीचं, आणि लाट आली तर चाळिशी. २०२४ च्या जूनमध्ये अशाच उष्णतेत वेगवेगळ्या ग्रीक बेटांवर चालायला बाहेर पडलेले अनेक परदेशी पर्यटक दगावले, त्यात उतारवयातली माणसं जास्त होती. ती काही कडे चढायला गेली नव्हती. तुमच्यासारखीच, साध्या वाटेने, ‘एवढंसं तर आहे’ म्हणून निघालेली. लाटेच्या दिवसांत अथेन्सचा अक्रोपोलिससुद्धा दुपारी काही तास बंद ठेवतात. आई सिंहगड चढतात म्हणजे पहाटे निघून उन्हाच्या आत खाली येतात ना? इथे अडचण नेमकी तीच. अथेन्सहून पहिल्या बोटीने आलात तरी चढायला लागेपर्यंत ऊन तापलेलं असतं.

दुसरी अडचण मठाच्या वेळेची. ग्रीसमध्ये मठ दुपारी काही तास बंद ठेवण्याची पद्धत आहे. म्हणजे घाम गाळून वर पोचायचं आणि बंद दारासमोर टाचा घासायच्या, असं सहज होऊ शकतं.

म्हणून माझं मत सरळ आहे: एका दिवसात करू नका. एक रात्र बेटावर राहा आणि उजाडताच चालायला लागा. हॉटेलं महाग आहेत, मान्य. पण शनिवार-रविवार टाळलात तर थोडं सुसह्य होतं. एका दिवसातच करायचं असेल तर तारीख बदला. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. एप्रिलात वाटेच्या कडेला रानफुलं असतात, ऑक्टोबरात समुद्र अजून पोहण्याइतका कोमट असतो. मला विचाराल तर ऑक्टोबर.

आणि जुलै बदलताच येत नसेल तर मग त्यातल्या त्यात उत्तम तारीख १९ आहे. २० जुलै हा इलियासचा सण. आदल्या संध्याकाळी सांजप्रार्थना असते, त्यासाठी ऊन कललं की लोक चढतात. त्यांच्याबरोबर जा, बॅटरी घ्या, खाली येऊन झोपा.

हा इलियास म्हणजे बायबलमधला संदेष्टा एलिया, जो अग्निरथातून स्वर्गात गेला. ग्रीसभर उंच माथ्यांवर त्याच्याच नावाची देवळं दिसतात. त्यामागे एक लोककथा सांगतात, ती जहाजावरच्या माणसाला फार पटते. इलियास आधी खलाशी होता म्हणे. समुद्राला इतका विटला की खांद्यावर वल्हं टाकून डोंगराकडे चालू लागला. भेटेल त्याला विचारायचा, हे काय आहे? वल्हं, असं उत्तर आलं की पुढे. शेवटी इतका वर पोचला की तिथला माणूस म्हणाला, काय म्हणजे, काठी आहे. तिथेच तो राहिला. कॉन्ट्रॅक्टच्या शेवटच्या महिन्यात आमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात हा इलियास असतो.

मठ मात्र तितका जुना नाही. १८१३ साली माउंट अ‍ॅथॉस या ग्रीसमधल्या मठांच्या डोंगरावरून आलेल्या साधूंनी तो उभा केला. तेव्हा हायड्रा भरभराटीत होतं. नेपोलियनच्या युद्धांत इंग्रजांची नाकेबंदी चुकवून धान्य पोचवायचं आणि वाटेल तो भाव घ्यायचा, या धंद्यावर इथले जहाजमालक गब्बर झाले. बंदराभोवती दगडी वाडे दिसतील ते त्याच पैशातले, आणि १८२१ च्या उठावात तीच जहाजं तोफा चढवून लढली.

चारच वर्षांनी याच मठाचा तुरुंग झाला. कोलोकोत्रोनिस हा त्या युद्धातला सर्वात नावाजलेला सेनापती. १८२५ च्या सुरुवातीला त्याला इथे आणून डांबलं, आणि तेही तुर्कांनी नव्हे, ग्रीकांच्याच सरकारने. लढाई अर्धी असतानाच त्यांच्यात यादवी पेटली होती. (मराठी वाचकाला याचं वेगळं स्पष्टीकरण नको.) त्याच फेब्रुवारीत इजिप्तचा इब्राहिम पाशा तुर्कांच्या बाजूने फौज घेऊन पेलोपोनीज या ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पात उतरला, एकेक ठाणं पडायला लागलं, तेव्हा सरकारला कोलोकोत्रोनिसची आठवण झाली आणि मे महिन्यात सुटका करून पुन्हा सेनापतिपद दिलं. मठाच्या कठड्याशी उभं राहिलं की समोर, अरुंद पाण्यापलीकडे, तीच पेलोपोनीजची किनारपट्टी दिसते. आपला मुलूख हातून चाललाय ही बातमी त्याला इथे कळत असणार, आणि मुलूख डोळ्यांसमोर. जागा निवडणाऱ्याने विचार केला होता की नाही कोण जाणे.

खाली बंदराच्या पश्चिमेला डोकोस नावाचं बेट आहे. तिथल्या तळाशी इसवीसनापूर्वी सुमारे २२०० च्या एका बुडालेल्या जहाजातली मडकी सापडली, ज्ञात जहाजबुडींत फारच जुनी. लाकूड केव्हाच संपलं, मालाचा ढीग तेवढा उरला.

मठात शिरताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पुरुषांनी लांब पँट. आईंनी सलवार-कमीज किंवा साडी नेसली तर प्रश्नच नाही. ट्रेक पँटवर गुंडाळायला एक ओढणी पिशवीत ठेवा. आत पांढरंशुभ्र अंगण, मधे छोटं चर्च. दाराशी मेणाच्या बारीक, पिवळसर मेणबत्त्या असतात. पेटीत पैसे टाकायचे, पेटवायची आणि वाळूच्या परातीत खोचायची. फोटो काढायच्या आधी विचारा, चर्चच्या आत काढूच नका. कुणी साधू दिसला आणि त्याने गार पाणी आणि लोकुमी पुढे केलं (पिठीसाखरेत घोळवलेली मऊ वडी, गुलाबाच्या वासाची), तर नको म्हणू नका. पाहुणचाराची तिथली रीत आहे. त्याचे पैसे विचारायचे नाहीत, द्यायचेच असतील तर दानपेटीत. मोठ्याने हाका मारणं, ड्रोन, स्पीकर हे सगळं खालीच ठेवून या. काही लोक तिथे सेल्फी काढून पाच मिनिटांत उतरतात. त्यांनी बंदरावर कॉफी घेतली असती तर दोन्ही पक्षांचं भलं झालं असतं. जवळच सेंट एफप्रक्सियाचा जोगिणींचा मठ आहे, दार उघडं असेल तर तोही पाहा.

पुढे एरोस शिखर आहे, बेटाचं सर्वात उंच, ५९० मीटरच्या आसपास. तिकडची वाट खडबडीत, काटेरी आणि सावलीविना. तुम्ही एकटे जाऊन या, आईंना अंगणातल्या सावलीत बसू द्या.

आईंना चढायचंच नसेल तर घोड्यावरून मठाकडे नेणारे लोक बेटावर आहेत. मला विचाराल तर चढायला ठीक आहे, उतरायला नको. गुळगुळीत पायऱ्यांवर वरून खाली बघत बसण्यापेक्षा आपले पाय बरे.

आग हा एक विषय लक्षात ठेवा. २०२४ च्या जूनमध्ये एका आलिशान नौकेवरून उडवलेल्या फटाक्यांनी बेटावरचं पाइनचं रान पेटलं. त्यामुळे वाटेवर विडीकाडी नको, कुणी ओढताना दिसलं तर दुकानदारसुद्धा बोलतात. संकटात ११२.

खाण्याची चिंता करू नका. आई शाकाहारी असतील तर ब्रियाम (भाज्यांची भट्टीत भाजलेली मिसळ), टोमॅटोतले मोठे पांढरे घेवडे आणि उकडलेल्या रानभाज्या बहुतेक साध्या खाणावळींत मिळतात. बंदराच्या पहिल्या रांगेत बसलात तर समुद्र बघण्याचे पैसे वेगळे लागतात, मागच्या गल्लीत जा. बदामाची अमिगदालोता ही इथली खास मिठाई, ती टिकते, घरी न्यायला चांगली.

परतीचं तिकीट जातानाच काढा, शेवटच्या बोटीचं नको, तिच्या आधीच्या बोटीचं. वारा वाढला की वेगवान बोटी आधी रद्द होतात, आणि वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, ते आदल्या दिवशी एकदा पाहा. ऑक्टोबर ठरला तर कळवा, राहण्यासाठी बंदरापासून फार वर न चढावं लागणाऱ्या गल्ल्या कोणत्या ते सांगेन.