पोट खरोखरच दुखते आहे

‘ताई, आमचा 11 वर्षांचा मुलगा दोन महिन्यांपासून शाळेच्या वेळेला पोट दुखते म्हणून रडतो. तपासण्यांत काही सापडले नाही आणि सुट्टीच्या दिवशी तो ठणठणीत असतो. मी रागावतो, पत्नी त्याला घरी ठेवून घेते आणि त्यावरून आमचे खटके उडतात. तो नाटक करतो आहे का?’
– एक वडील

नाही, तो नाटक करत नाही. भीती वाटली की शरीर संकटाशी झुंजण्याच्या तयारीला लागते, ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके रक्तात मिसळतात, रक्ताचा ओघ पचनसंस्थेकडून स्नायूंकडे वळतो आणि आतड्यांच्या हालचाली बिघडतात. म्हणूनच तपासणीत काहीही न सापडता होणारी ही वेदना पूर्णपणे खरी असते. (रात्री झोपेतून जागे करणारे दुखणे, घटणारे वजन, ताप किंवा शौचातून रक्त असे काही आढळले, तर मात्र पुन्हा डॉक्टरांना दाखवा.)

तुम्ही दोघेही काळजीपोटीच वागत आहात, याबद्दल मला शंका नाही. पण रागावल्याने मुलाची भीती जात नाही, तो फक्त ती आपल्याला सांगेनासा होतो. उलट त्याला घरी ठेवले की पोट तासाभरात शांत होते, आणि ही सुटकाच त्याच्या मनावर ठसवते की शाळा धोक्याची होती व ती टाळल्यामुळे आपण वाचलो. त्यामुळे दुसऱ्या दिवशीची भीती आदल्या दिवसापेक्षा मोठी होऊन येते. भीती मान्य करायची, पण टाळणे मान्य करायचे नाही, ही दोन्ही कामे तुम्ही आपसांत वाटून न घेता दोघांनीही करायला हवीत. ‘तुला खरंच त्रास होतोय, हे मला कळतंय, तरी आज आपण पहिल्या दोन तासांपुरतं जाऊ या,’ हे वाक्य आई म्हणो वा बाबा, त्याला सारखेच ऐकू आले पाहिजे.

त्याआधी भीती नेमकी कशाची आहे, हे शोधा. समोर बसवून ‘का जात नाहीस?’ असे विचारण्यापेक्षा, बरोबर चालताना किंवा एखादे काम करताना ‘शाळेतली कोणती वेळ सगळ्यात नकोशी वाटते?’ असे विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. कुणी चिडवत असेल, वाचन जमत नसेल, शाळेतल्या स्वच्छतागृहात जाणे नको वाटत असेल. काही मुलांना तर शाळेची नव्हे, घर सोडण्याची भीती वाटते. आपल्यामागे आईबाबांचे काही बरेवाईट होईल या विचाराने ती कासावीस होतात, म्हणून तुमचे खटके त्याच्या कानांवर पडतात का, तेही प्रामाणिकपणे पाहा. कुणी त्याचा छळ करत असल्याचे कळले, तर आधी तो थांबवा. असुरक्षित जागी जाण्याची सवय मुलाला लावायची नसते.

वर्गशिक्षकांशी बोलून टप्पे ठरवा: आधी दोन तास, मग अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस. तो घरी राहिलाच, तर तो वेळ मोबाइल आणि टीव्हीशिवाय, अभ्यासात जाऊ द्या. या वयाला रोज 9 ते 12 तास झोप लागते. ती होत नसेल, तर सकाळ अधिकच जड जाते.

दोन महिने हा मोठा काळ आहे, त्यामुळे हे सारे करून पाहण्यासाठी थांबून न राहता बालमानसशास्त्रज्ञांची किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांची वेळ आताच घ्या. मुलांच्या चिंतेवर सीबीटी या संवादाधारित उपचारपद्धतीचा चांगला उपयोग होतो आणि त्यात पालकांनाही सामील करून घेतले जाते. दरम्यान तो मित्रांपासून तुटला, आवडते खेळ सोडून बसला किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असे काही बोलला, तर मरणाचे विचार मनात येतात का, हे त्याला सरळ आणि शांतपणे विचारा. विचारल्याने असे विचार मुलाच्या मनात पेरले जात नाहीत. उत्तर ‘हो’ आले, तर त्याला एकटे सोडू नका, घरातली औषधे आणि धारदार वस्तू कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.