सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून न्यूट्रिशनल थेरपीत करिअर करता येईल का?

आजारी माणसांचा आहार ठरवायचा असेल तर नाही, त्याला डायटेटिक्सची (आहारशास्त्राची) डिग्री आणि हॉस्पिटलमधली इंटर्नशिपच लागते. मी वॉर्डात हेच काम करते म्हणून सांगतेय, किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम वाढलं की एरवी पौष्टिक म्हणून सांगतो तीच केळी बंद करावी लागतात, आणि बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर खायला दिलं तर रक्तातलं फॉस्फेट झपकन खाली येऊन जीवावर बेतू शकतं, याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. रिपोर्ट हातात घेऊन हे ओळखणं व्हिडिओ बघून येत नाही हो, खरंच. डिग्रीचं नावही बघून घ्या. ब्रिटनमध्ये ‘डायटिशियन’ हे नाव कायद्याने राखीव आहे, म्हणजे नोंदणी असलेल्यालाच लावता येतं, ‘न्यूट्रिशनल थेरपिस्ट’ हे नाव तसं राखीव नाही, आणि अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून डायटिशियनच्या रजिस्ट्रेशन परीक्षेला बसायलाच मास्टर्स लागतं, म्हणजे जिथे काम करायचंय तिथला नियम अ‍ॅडमिशनच्या आधीच वाचा. फक्त निरोगी लोकांना रोजच्या खाण्याबद्दल सांगायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी छोटा कोर्सही चालतो, पण समोरच्याने डायबिटीस किंवा किडनी म्हटलं की त्याला डायटिशियनकडे पाठवायचं.