गायीच्या ढेकरानं खरंच ऊन वाढतं का?

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. माझ्या दावणीला दोन देवणी गायी, एक मराठवाडी म्हैस आणि एक म्हातारा बैल आहे. नातू पुण्याला शिकतो. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "आबा, जनावरांच्या पोटातल्या गॅसमुळं पृथ्वी तापायली." आमच्याकडं आधीच पाऊस धरत नाही, त्यात माझ्याच दावणीचा हात आहे म्हणायचा का? खरं असेल तर गायी विकू का? म्हैस तर विऊन चौदा महिने झाले, अजून गाभण नाही, नुसती खाती. – एक वाचक, उदगीर तालुका, जि. लातूर

उत्तर : आबा, नातू खोटं बोललेला नाही, त्याच्यावर रागावू नका. पण त्यानं अर्धीच गोष्ट सांगितली.

आज संध्याकाळी जनावरं रवंथ करत बसली की देवणीच्या डाव्या भकाळीवर, शेवटच्या बरगडीच्या मागं जो खळगा असतो तिथं, मूठ दाबून धरा. दोन मिनिटांत दोन-तीन वेळा आतून काहीतरी उसळून तुमच्या मुठीला वर ढकलेल. ते तिचं कोटीपोट. तिथं कडबा आंबतो. कडब्यातला चोथा गायीला स्वतःच्या जोरावर पचत नाही, पोटातले सूक्ष्मजीव तो फोडून देतात. त्यात हायड्रोजन सुटतो आणि तो साचत गेला तर आंबण्याचं कामच मंदावतं. मग दुसऱ्या जातीचे सूक्ष्मजीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा मिथेन करतात. हा मिथेन जवळजवळ सगळा तोंडावाटे, ढेकरातून बाहेर पडतो. शेपटीकडून जातो तो अगदी थोडा. मिथेनला वास नसतो, म्हणून गोठ्यात जन्म गेला तरी तो आपल्याला कळत नाही.

हा ढेकर गायीसाठी जिवाचा असतो. नोकरीत असताना कंधार तालुक्यातल्या एका वस्तीवर मला रात्री बोलावणं आलं होतं. आंब्याचे दिवस होते. लाल कंधारी गायीनं आंबा गिळला आणि कोय घशाखाली अडकली. ढेकर बंद. मी पोचले तेव्हा डावी भकाळ पाठीच्या कण्याच्या वर आली होती, बोटानं टिचकी मारली की नगाऱ्यासारखी वाजत होती, जीभ बाहेर, श्वास तोकडा. घरातली म्हातारी तिच्या गळ्यात हात घालून बसली होती. मी भकाळीत ट्रोकार, म्हणजे नळीत बसवलेला टोकदार दांडा, घातला, आतला दांडा काढला आणि नळीतून गॅस सूं करून निघू लागला. कितीतरी वेळ निघत होता. भकाळ खाली बसली, गायीनं डोळे उघडून मान हलवली, मग आम्ही कोय वर सरकवून हातानं काढली. त्या रात्रीपासून मला "गायीनं ढेकर देऊ नये" हे बोलणं ऐकवत नाही. ढेकर थांबला की गाय मरते.

आता नुकसानीचं. आपल्याकडची दुभती गाय दिवसाला साधारण 200 ग्रॅम मिथेन सोडते, शेळी वर्षाला 5 किलोच्या आसपास. ऐकायला थोडं वाटतं, पण 2019 च्या पशुगणनेत देशात गायी-बैल 19 कोटींवर आणि म्हशी जवळपास 11 कोटी होत्या. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो मिथेन एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या 27-28 पट उष्णता धरून ठेवतो, वीस वर्षांचा धरला तर 80 पटींच्या वर. यंत्रं यायच्या आधी हवेत जेवढा मिथेन होता, त्याच्या अडीच पटींहून जास्त आज आहे. माणसाच्या उद्योगातून जो मिथेन हवेत जातो, त्यात सुमारे एक तृतीयांश वाटा पाळीव जनावरांचा. तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच, कोळसा, तेल आणि वायूच्या खाणी-विहिरींचा. उरलेला मुख्यतः कचरा, सांडपाणी आणि भातशेतीचा. तेव्हा नुकसान होतं, हे मान्य करायलाच हवं. "गाय आहे, तिच्यानं काय होतंय" असं म्हणणारे मला पटत नाहीत.

पण परळीच्या औष्णिक केंद्राच्या धुराड्यातला कार्बन आणि तुमच्या देवणीचा कार्बन यांत मोठा फरक आहे. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता. तो वर आला की शेकडो वर्षं हवेत राहतो, दरसाल साचत जातो. देवणीचा कार्बन ज्वारीनं मागच्याच हंगामात हवेतून घेतलेला. तिचा मिथेन साधारण बारा वर्षांत विरतो. म्हणून जगातली जनावरं आहेत तेवढीच राहिली तर त्यांचा मिथेन फारसा चढत नाही, वाढली की चढतो, प्रत्येकीमागं कमी झाला तर लवकर उतरतो.

पावसाचा दोष मात्र स्वतःकडं घेऊ नका. मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, 1972 चा दुष्काळ तुम्ही पाहिला असेल. मिथेन कुठंही सुटला तरी साऱ्या जगाच्या हवेत मिसळतो, तुमच्या शिवारावर थांबत नाही.

गायी विकू नका. विकली तर ती दुसऱ्याच्या दावणीला तेवढाच ढेकर देणार. अमेरिकेतली गाय आपल्या गायीच्या जवळजवळ दुप्पट मिथेन सोडते, पण वर्षाला दहा हजार लिटरच्या आसपास दूध देते. आपली देवणी वेताला 800-900 लिटर. लिटरमागं हिशेब केला की आपली गाय दोषी दिसते. त्या हिशेबात तिचे खोंड औत ओढतात हे कुणी मांडत नाही, शेणखत मांडत नाही, आणि उन्हाळ्यात नुसत्या वाळल्या कडब्यावर ती तग धरते हेही नाही. डेन्मार्क 2030 पासून अशा वायूवर कर लावणार आहे. चार जनावरांच्या शेतकऱ्यावर तसा कर मला कधीच मान्य होणार नाही.

तुमच्या हातात आहे ते वैरणीत. नुसतं सोयाबीनचं भुसकट किंवा जुना कडबा खाऊन पचन रेंगाळतं, दूध कमी आणि लिटरमागं मिथेन जास्त. रोज थोडा हिरवा चारा, मूठभर सरकी पेंड आणि 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या. हिरवं नसेल तेव्हा गव्हाच्या काडावर युरियाची प्रक्रिया करा : 100 किलो काडाला 4 किलो युरिया 50-60 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडायचा, दाबून, ताडपत्रीनं हवाबंद करून 21 दिवस ठेवायचं. उघडल्यावर वास उडू द्या, सुरुवातीला थोडंच घाला. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला अजिबात नको, आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागता कामा नये, विषबाधा होते. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं टॅनिन (तुरट द्रव्य) असलेल्या वनस्पतींपासून 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य तयार केलं आहे, त्यानं मिथेन 17 ते 20 टक्के घटतो.

खरी काळजी मला तुमच्या म्हशीची आहे. चौदा महिने ती खाते, ढेकर देते आणि पुढचं वेत लांबतंय. मिथेनचा आणि तुमच्या पैशाचा, दोन्हीचा तोटा तिथंच होतोय. म्हशीचा माज बहुतेक मुका असतो, ओरडत नाही, आणि दिसतो तो रात्री नाहीतर पहाटे. आठ-पंधरा दिवस पहाटे चारला कंदील घेऊन गोठ्यात जा. शेपटीखाली काचेसारखा चिकट बळस लोंबतोय का, ती वरचेवर थोडं थोडं मुततेय का, हे बघा. पहाटे दिसला तर त्याच संध्याकाळी रेतन करून घ्या. काहीच दिसलं नाही तर तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन गर्भाशय तपासून घ्या आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा.