वाचकांचे प्रश्न : पेठेतील बाग आणि पाखरे

प्रश्न : सदाशिव पेठेत आमच्या घराजवळ अर्ध्या एकराची सार्वजनिक बाग आहे, हिरवळ, पेव्हर ब्लॉक, कारंजे आणि शोभेची झुडपे, एवढेच तिचे वैभव. आता नूतनीकरणासाठी रहिवाशांच्या सूचना मागवल्या आहेत. पक्षी आणि फुलपाखरे यावीत म्हणून आम्ही काय मागावे? मियावाकी घनवन, म्हणजे दाटीवाटीने रोपे लावून वाढवलेले छोटे जंगल, योग्य ठरेल का?

उत्तर : आधी माती मागा. झाडांच्या बुंध्यांपर्यंत भिडलेले पेव्हर ब्लॉक काढून किमान एक मीटर जमीन मोकळी ठेवली, तर पाणी मुरेल आणि मुळांना हवा मिळेल.

पुण्याच्या परिसरातील मूळचे रान कोरडे, पानझडी. गुलमोहर देखणा खरा, पण तो मादागास्करचा. इथले पळस, पांगारा आणि काटेसावर ऐन पानगळीत फुलतात आणि मैना, बुलबुल, सूर्यपक्षी त्यांच्या मधावर तुटून पडतात. एकच मोठे झाड लावण्याइतकी जागा असेल, तर उंबर लावावा. खोडावर घोसाने लगडणारी त्याची फळे दिवसा तांबट आणि कोकीळ खातात, रात्री वटवाघळे. फळांचा सडा पडून चिलटे घोंगावतात ही तक्रार येणारच, म्हणून तो वाटेपासून दूर असावा.

फुलपाखरांसाठी नुसती फुले पुरत नाहीत, कारण प्रत्येक जातीच्या अळीला ठरावीक झाडाचीच पाने लागतात. २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान मिळालेले ब्लू मॉरमॉन लिंबाच्या कुळातील झाडांवर अंडी घालते. तेव्हा कागदी लिंबू आणि कढीपत्ता हवाच, शिवाय दुसऱ्या जातींच्या अळ्यांसाठी एखादी रुई. लिंबावरील कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि पाने कुरतडते. ती दिसताच फवारणी झाली, तर सारा खटाटोप वाया जाईल.

त्यामुळे माझ्या मते आराखड्यापेक्षा देखभालीचा करार अधिक महत्त्वाचा आहे. कीटकनाशके वापरू नयेत, पालापाचोळा जाळू नये, तो झाडांखालीच कुजू द्यावा आणि धोका नसेल तिथे वाळकी फांदी राखावी, ही कलमे त्यात घालून घ्या. तांबट अशाच फांदीच्या खालच्या अंगाला घरट्यासाठी भोक कोरतो. टापटिपीच्या नादात आपण त्याचे घरच तोडतो.

मियावाकी पद्धतीत दर चौरस मीटरला साधारण तीन-चार रोपे लावतात, त्यामुळे उंबरासारख्या ऐसपैस झाडाला हातपाय पसरता येत नाहीत. रस्त्याकडील धूळ अडवण्यासाठी कडेला देशी झाडांचा एखादा दाट पट्टा चालेल. सारी बाग मात्र त्यासाठी देऊ नये.