जुन्या वळणाच्या बॅप्टिस्ट उपासनेत पियानो-ऑर्गन चालतो, मग ड्रम का नाही?

‘पियानो पवित्र आणि ड्रम सैतानाचा’ हे उत्तर तुम्हाला कुणी दिलं असेल तर ते सोडून द्या. बायबलमधल्या स्तोत्रसंहिता १५० मध्ये डफ आहे, झांजा आहेत. ऑर्गनसाठी त्याच स्तोत्राचा आधार घ्यायचा आणि झांजेची वेळ आली की ‘ते यरुशलेमच्या मंदिराच्या काळातलं’ म्हणायचं, हे मला पटत नाही.

एकोणिसाव्या शतकातले बॅप्टिस्ट उपदेशक स्पर्जन या बाबतीत सरळ होते. लंडनचं त्यांचं चर्च, मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल, १८६१ मध्ये उघडलं. हजारो माणसं जमायची, पण ऑर्गन नव्हता. एक जण पुढे उभा राहून चाल उचलायचा आणि सगळी मंडळी त्याच्यामागून गायची. यंत्राने प्रार्थना होत नाही तर स्तुती तरी का करावी, असं त्यांचं म्हणणं. त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी तर भांडण गाण्यावरूनच होतं. बॅप्टिस्ट पाळक बेंजामिन कीच यांनी लंडनमधल्या साऊथवर्कच्या आपल्या मंडळीत (चर्चमध्ये) प्रभुभोजनानंतर एक गीत म्हणायला सुरुवात केली. पुढे ते दर रविवारी होऊ लागलं, तेव्हा काही सभासद मंडळी सोडून गेले. कीच यांना १६९१ मध्ये गायनाच्या बाजूने पुस्तक लिहावं लागलं. म्हणजे आज ज्याला ‘परंपरा’ म्हणतात तेही एकेकाळी नवंच होतं.

नव्या करारात इफिसकर ५:१९ मध्ये स्तोत्रं आणि गीतं ‘एकमेकांना’ म्हणायला सांगितलंय. त्यामुळे मंडळीचा आवाज हेच मुख्य वाद्य, आणि बाकीची त्याला आधार देतात की दाबून टाकतात, एवढंच बघायचं.

पियानो-ऑर्गनही दाबतात. सगळ्यात जास्त गाडं अडतं ते पट्टीवर. स्त्री-पुरुषांच्या मिश्र मंडळीला वरच्या सप्तकातली पांढरी दोन (पेटीची दुसरी पांढरी पट्टी, म्हणजे D) आरामात लागते, फार तर काळी दोन. त्यावर गेलात की पुरुष गप्प होतात. ‘अमेझिंग ग्रेस’ पांढरी पाचमध्ये घेतलं तर वरचा सूर नेमका पांढरी दोनवर येतो. सकाळच्या उपासनेत गळे तापलेले नसतात, तेव्हा ते पांढरी चारमध्ये घ्या.

सुरुवातीला शेवटची ओळ वाजवा, आणि ज्या लयीत गायचंय त्याच लयीत. कडवं संपल्यावर शेवटचा सूर पूर्ण मात्रा धरा, एक मात्रा श्वासाला सोडा आणि मग उचला. ही मात्रा दर वेळी वेगळी पडली तर तिसऱ्या कडव्यापर्यंत मंडळी चाचपडत येते. ऑर्गनवर आठ फुटी प्रिन्सिपल (मूळ सुराचा मुख्य आवाज) आणि एक सप्तक वरचा चार फुटी एवढं पुरे, दोन फुटी शेवटच्या कडव्याला. थरथर आणणारा ट्रेम्युलंट बंद ठेवा, त्याने सुराची कड बोथट होते. पियानोवाल्यांनी दोन ओळींमधली फट हरकतींनी भरू नये, तिथे लोक श्वास घेतात. आणि गाणं सांगणाऱ्याने पहिल्या ओळीनंतर माइकपासून दूर व्हावं.

आता ड्रम. रॉक आणि पॉपमध्ये स्नेअर (ड्रमसेटमधला खणखणीत आवाजाचा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, जुन्या गीतांच्या शब्दांचं वजन बहुधा पहिल्या-तिसऱ्यावर. शिवाय नव्या गाण्यांत ओळ अर्धी मात्रा आधी किंवा उशिरा सुरू होते. एकट्या गायकाला ते जमतं. दोनशे माणसं मात्र चार ठिकाणी उचलतात, मग बाकीचे ऐकत बसतात. माझी खरी हरकत या ऐकत बसण्याला आहे. गिटारचं तसं नाही, पण नुसत्या स्ट्रमिंगमध्ये चाल ऐकू येत नाही, म्हणून सोबत बासरी, व्हायोलिन किंवा एक ठाम गळा हवा.

मराठी मंडळ्यांत पेटी-तबल्यावर भजन म्हणतात, तिथे ठेका शब्दांना धरून चालतो. तबला चामड्याचा म्हणून त्याला ड्रमच्या रांगेत बसवणारे लोक भेटतात. त्यांनी एकदा डोळे मिटून ऐकावं की मंडळी गातेय की नाही.

एक सांगायचं राहिलं. बॅप्टिस्टांत वरून हुकूम देणारा बिशप नसतो, प्रत्येक मंडळी आपलं आपण ठरवते. अमेरिकेतले प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट (जुन्या रीती धरून राहणारा गट) बहुतेक ठिकाणी एकही वाद्य वापरत नाहीत. तिथल्याच अनेक कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट मंडळ्यांत हॅमंड ऑर्गन आणि ड्रम आहेत, आणि अख्खी मंडळी गाते. तेव्हा ड्रमबद्दलचा वरचा मुद्दा सगळीकडे जसाच्या तसा लागू होत नाही.

तुमच्या मंडळीत मत घ्यायची वेळ आलीच, तर त्याआधी चार रविवार एक कडवं वाद्यांशिवाय म्हणून बघा. आवाज पडला तर दुखणं पट्टीत, लयीत किंवा माइकमध्ये आहे, ते आधी शोधा.